अडीच घटकांची सरहद्द

आकाशवाणीवरून वेळ सांगितली गेली की आपण आपापली घड्याळे त्याबरहुकूम लावतो आणि निर्धास्त होतो. घड्याळ दाखवते ती वेळ जणू सूर्यानेच ठरवून दिलेली आहे, अशी आपली सर्वांची एक साधी समजूत असते. मुक्काम नागपुरास असो, बडोद्यास असो वा कलकत्त्यास असो, काटे सर्वत्र एकाच जागी असतात. त्यामुळे या समजुतीला धक्का बसण्याचे कारण आपणांस सहसा पडत नाही. परंतु पृथ्वीच्या पाठीवर अशीही काही ठिकाणे आहेत की जेथे वीस-पंचवीस मिनिटांच्या पायी वाटेत माणसाचे घड्याळ एक तास मागे पडते किंवा पुढे जाते. आज अशाच दोन लहान गावांची ओळख श्रोत्यांना करून द्यावयाची आहे. एक स्वीडनमधले हापारांडा आणि दुसरे फिनलंडमधले तोर्निओ.

युरोपच्या नकाशावर अगदी उत्तरेकडे पाहिले, तर स्वीडन आणि फिनलंड या दोन देशांच्या मध्ये बॉथ्नियाचे आखात दिसेल. हे आखात उत्तरेस जेथे संपते, तेथे तोर्ने नावाची नदी समुद्रास मिळते. या नदीच्या मुखाशी ही दोन्ही गावे वसलेली आहेत. तोर्निओची वस्ती आसपासचा परिसर धरून एकवीस हजारांच्या घरात जाते. हापारांडा याहून लहान. तेथे नऊ-दहा हजार माणसे राहतात. आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढाही त्यांचा पसारा नाही. दोन्ही गावे ६६ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित खाली आहेत, म्हणजे उत्तर ध्रुववृत्त तेथून फारसे दूर नाही. जूनच्या उत्तरार्धात तेथे रात्र म्हणून जवळजवळ नसतेच आणि डिसेंबरात अवघ्या तीन तासांचा दिवस पदरात पडतो. बर्फ तेच, ऊन तेच, नदीही तीच. फरक एवढाच की, तोर्निओत बारा वाजतात तेव्हा हापारांडात अकरा वाजलेले असतात.

आपल्या जुन्या कालमानात एक घटका चोवीस मिनिटांची. तेव्हा या दोन गावांत अडीच घटकांचे अंतर आहे, असे म्हणता येईल. आता प्रश्न असा, की यांतले खरे घड्याळ कोणाचे? थोडे गणित केले तर उत्तर मोठे मनोरंजक निघते. पृथ्वी स्वतःभोवती चोवीस तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका अंशास चार मिनिटे लागतात. ही गावे ग्रीनिचच्या पूर्वेस सुमारे २४ अंशांवर आहेत. म्हणून त्यांची सूर्यावरून येणारी वेळ ग्रीनिचच्या पुढे सुमारे १ तास ३७ मिनिटे असावयास हवी. फिनलंडची प्रमाणवेळ ग्रीनिचच्या पुढे दोन तास आहे आणि स्वीडनची एक तास. याचा अर्थ, तोर्निओचे घड्याळ सूर्याच्या जवळजवळ एक घटका पुढे आणि हापारांडाचे घड्याळ सूर्याच्या सुमारे दीड घटका मागे चालते. वर्षाची सरासरी धरली, तर सूर्य मध्यान्ही येतो तेव्हा तोर्निओत बारा वाजून तेवीस मिनिटे आणि हापारांडात अकरा वाजून तेवीस मिनिटे झालेली असतात. खरे बारा कोणाच्याच घड्याळात वाजलेले नसतात! दोन गावांच्या सूर्यात म्हणाल, तर फार तर काही सेकंदांचा फरक पडतो. बाकीचा सारा फरक माणसांनी घातलेला आहे.

तो कसा पडला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. पूर्वी येथे सरहद्द नव्हतीच. फिनलंड हा शेकडो वर्षे स्वीडनच्या राज्याचा भाग होता. त्या राज्याचा राजा दुसरा गुस्ताव्ह अॅडॉल्फ याने १६२१ मध्ये नदीतील एका बेटावर तोर्निओ हे नगर वसवले. उत्तरेकडील व्यापाराचे ते ठाणे झाले. १६९४ मध्ये अकरावा चार्ल्स हा राजा मध्यरात्रीचा सूर्य पाहण्याच्या हौसेने येथवर आला होता. पुढे १७३६ मध्ये याच गावी पॅरिसहून विद्वानांचे एक पथक येऊन दाखल झाले. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे की लांबट आहे, हा त्या काळच्या शास्त्रज्ञांतील मोठा वाद होता. ध्रुवांजवळ रेखावृत्ताच्या एका अंशाची लांबी मोजावी आणि ती दक्षिणेकडील अंशाशी ताडून पाहावी, म्हणजे वादाचा निकाल लागेल, असे ठरले. मोपेर्त्युई हा या पथकाचा नायक होता आणि ज्याचे नाव आज तापमापकावर आपण वाचतो, तो स्वीडनचा सेल्सिअसही त्याच्याबरोबर होता. तोर्ने नदीच्या खोऱ्यात, डोंगरमाथ्यावर खुणा उभारून आणि गोठलेल्या नदीवर काठ्यांनी अंतरे मोजून त्यांनी तो अंश मोजला. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे, हे न्यूटनचे म्हणणे खरे ठरले. पुढल्या शतकात स्ट्रूव्ह या ज्योतिर्विदाच्या पुढाकाराने उत्तर महासागरापासून काळ्या समुद्रापर्यंत जे विशाल मोजमाप झाले, त्याचीही रेषा तोर्निओच्या चर्चवरून गेली. ते चर्च त्या मोजमापाच्या इतर ठाण्यांसह २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत घेण्यात आले. ज्या ठिकाणी पृथ्वीचा आकार निश्चित करण्यास साहाय्य झाले, त्याच ठिकाणी पुढे घड्याळाचे काटे परस्परांशी जुळेनासे व्हावेत, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा.

सरहद्द पडली ती १८०९ मध्ये. रशियाबरोबरच्या युद्धात स्वीडनचा पराभव झाला आणि फ्रेडरिक्सहामच्या तहाने फिनलंड रशियाच्या झारकडे गेले. नव्या सीमेसाठी नदीचा खोल प्रवाह धरला गेला. आता गंमत अशी, की तोर्निओचे बेट खोल प्रवाहाच्या पश्चिमेस आहे. म्हणजे नियमाप्रमाणे ते स्वीडनकडे राहावयास हवे होते. परंतु भरभराटीचे गाव हातचे सोडण्यास रशिया तयार नव्हता. म्हणून तेवढ्या जागी सरहद्द नदी सोडून पश्चिमेकडे वळली आणि तोर्निओ परक्या राज्यात गेले. हाताशी असलेली बाजारपेठ गमावल्यावर स्वीडनला आपल्या बाजूस नवे गाव वसवणे भागच होते. ते गाव हापारांडा. १८२१ मध्ये त्यास बाजारपेठेचा आणि १८४२ मध्ये नगराचा दर्जा मिळाला. त्याचे नावही मूळचे फिनिश आहे. अॅस्पेन नावाच्या झाडांचा किनारा असा त्याचा अर्थ. तेव्हा ही दोन गावे म्हणजे दोन वेगळ्या मुळांची झाडे नव्हेत. एका गावाची वाटणी झाली आणि त्यातून दुसरे जन्मास आले.

वाटणी झाली तरी वेळेची भिंत मात्र लगेच उभी राहिली नाही. त्या काळी गावोगावी सूर्यावरून स्थानिक वेळ धरण्याचा प्रघात होता आणि सूर्य तर दोन्ही गावांचा एकच. वेळेचा प्रश्न आणला तो आगगाडीने. वेगवान गाडीचे वेळापत्रक करावयाचे, तर प्रत्येक स्थानकाचे बारा निराळे असून भागत नाही. स्वीडनने १ जानेवारी १८७९ रोजी सबंध देशाला एकच प्रमाणवेळ लागू केली. त्यासाठी स्टॉकहोमच्या वेधशाळेपासून तीन अंश पश्चिमेकडील रेखांश निवडला होता. ही वेळ ग्रीनिचच्या पुढे एक तास आणि चौदा सेकंद भरे. १९०० मध्ये ते चौदा सेकंद वगळण्यात आले आणि स्वीडन ग्रीनिचच्या बरोबर एक तास पुढे झाले. या सुधारणेत राजधानीची आणि देशाच्या मध्यभागाची चांगली सोय झाली. अगदी पूर्वेच्या टोकावर असलेल्या हापारांडाचे घड्याळ मात्र त्याच्या सूर्यापेक्षा अर्ध्या तासाहून अधिक मागे पडले.

इकडे फिनलंडात हेलसिंकीची वेळ प्रमाण मानली जाई. ती ग्रीनिचच्या पुढे १ तास ३९ मिनिटे ४९ सेकंद होती. हेलसिंकी आणि तोर्निओ यांच्या रेखांशात फारसे अंतर नसल्यामुळे ही वेळ तोर्निओच्या सूर्याशी तीनेक मिनिटांच्या फरकाने जुळत असे. म्हणजे या शतकभरापूर्वीच्या काळात दोन गावांच्या घड्याळांत चाळीस मिनिटांचे अंतर होते. मुंबईच्या जुन्या माणसांना हा आकडा ओळखीचा वाटेल. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबई शहराने आपली जुनी वेळ सोडली नाही. ही मुंबईची वेळ प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे होती आणि ती १९५५ पर्यंत टिकून राहिली. तोर्निओ-हापारांडातील चाळीस मिनिटे दोन देशांमधली होती. मुंबईतली एकोणचाळीस मिनिटे एकाच शहरात नांदत होती.

फिनलंड १९१७ च्या डिसेंबरात स्वतंत्र झाले. १ मे १९२१ रोजी या नव्या राष्ट्राने ग्रीनिचच्या पुढे दोन तासांची प्रमाणवेळ स्वीकारली आणि चाळीस मिनिटांचा पूर्ण तास झाला. या वेळेचा आधार असलेला ३० अंशांचा रेखांश फिनलंडच्या अगदी पूर्व कडेवरून जातो. स्वीडनच्या वेळेचा १५ अंशांचा रेखांश त्या देशाच्या मधून जातो. तोर्निओ आपल्या रेखांशापासून सहा अंश पश्चिमेस आणि हापारांडा आपल्या रेखांशापासून नऊ अंश पूर्वेस. सहा आणि नऊ मिळून पंधरा अंश, म्हणजे नेमका एक तास. दोन्ही गावे आपापल्या देशाच्या कडेला पडल्यामुळे हा हिशेब त्यांच्याच माथी आला.

या चाळीस मिनिटांच्या काळातच या गावांनी जगाचे लक्ष वेधून घेतले होते. पहिल्या महायुद्धात समुद्रमार्ग धोक्याचे झाले, तेव्हा रशिया आणि पश्चिम युरोप यांना जोडणारी जी थोडी दारे उघडी राहिली, त्यांत हे एक प्रमुख दार होते. तोर्निओपर्यंत आगगाडी १९०३ मध्ये आली होती. हापारांडापर्यंत ती १९१५ मध्ये पोहोचली. जखमी आणि अपंग झालेल्या हजारो युद्धकैद्यांची अदलाबदल येथून झाली. स्वित्झर्लंडहून निघालेला लेनिन १५ एप्रिल १९१७ रोजी हापारांडाहून घसरगाडीत बसून तोर्निओस आला आणि तेथून पेट्रोग्राडला गेला. तो तेथे पोहोचला ती तारीख युरोपात १६ एप्रिल होती आणि ज्युलियन पंचांग चालवणाऱ्या रशियात ३ एप्रिल. घड्याळांचे अंतर मिनिटांचे, पण पंचांगांचे अंतर तेरा दिवसांचे! नदीवरचा आगगाडीचा पूल झाला तो १९१९ मध्ये. त्यावर दोन्ही देशांचे रूळ एकमेकांत गुंतवून टाकलेले आहेत. कारण स्वीडनच्या रुळांमधील अंतर १४३५ मिलिमीटर आणि फिनलंडच्या रुळांमधील, जुन्या रशियन पद्धतीचे, १५२४ मिलिमीटर. हा नऊ सेंटीमीटरांचा फरक डोळ्यांना दिसतो. एका तासाचा फरक दिसत नाही, पण जाणवतो अधिक.

तो जाणवतो कसा, हे पाहू. हापारांडात राहणाऱ्या माणसाची नोकरी तोर्निओत असली आणि कामावर आठ वाजता हजर व्हावयाचे असले, तर घरच्या घड्याळात सात वाजण्यापूर्वीच त्यास बाहेर पडावे लागते. उलट तोर्निओचा रहिवासी हापारांडात पाच वाजता कामावरून सुटला, तर घरी सहा वाजून गेलेले असतात आणि मुलांची जेवणे आटोपत आलेली असतात. डिसेंबरात हापारांडाच्या घड्याळात एक वाजण्याच्या आतच सूर्य मावळतो. तोर्निओच्या घड्याळात तोच सूर्यास्त दोनच्या आत होतो. म्हणून येथे कोणी कोणास भेटीची वेळ दिली, तर ती फिनलंडची की स्वीडनची, हे लगेच सांगण्याची रीत पडली आहे. आपल्याकडे एखाद्या नावाच्या माणसाचा उल्लेख करताना कोणत्या गावचा हे जोडून सांगतात, तसेच तेथे वेळेचे गाव सांगावे लागते.

या गैरसोयीतून गंमतही निर्माण झाली आहे. नववर्ष येथे दोनदा साजरे करता येते. तोर्निओत बाराचे ठोके पडले की शुभेच्छा द्याव्यात, मग सावकाश हापारांडात यावे आणि तासाभराने त्याच शुभेच्छा पुन्हा द्याव्यात. सरहद्दीवर पसरलेले गोल्फचे एक मैदान आहे. तेथे एका टोल्याने चेंडू दुसऱ्या देशात जातो. कागदावर हिशेब केला, तर त्याच्या उड्डाणास एक तास लागतो आणि उलट दिशेचा चेंडू निघाल्याआधीच पोहोचतो.

पण गंमत बाजूला ठेवून पाहिले, तर या दोन गावांनी केलेले खरे काम याहून मोलाचे आहे. त्यांची चलने निराळी आहेत. फिनलंडात २००२ पासून युरो चालतो, स्वीडनने आपला क्रोना सोडलेला नाही. भाषा निराळ्या आहेत, तरी हापारांडात फिनिश बोलणारे पुष्कळ आहेत आणि या खोऱ्याच्या मेआन्किएली या बोलीस स्वीडनने २००० मध्ये अल्पसंख्याकांची भाषा म्हणून मान्यता दिली. १९८७ पासून दोन्ही नगरपालिकांनी एक संयुक्त संस्था चालवून आपले व्यवहार एकमेकांशी जोडून घेतले. सांडपाणी शुद्ध करण्याचा कारखाना दोघांचा मिळून एक आहे. दोन्ही देश १९९५ मध्ये युरोपीय संघात गेले, परंतु नॉर्डिक देशांच्या आपसांतील करारामुळे येथे पारपत्राची अट त्यापूर्वी अनेक वर्षे नव्हती. २०२० मध्ये साथीच्या काळात या मोकळ्या सरहद्दीवर निर्बंध आले, तेव्हा सरहद्द ही काय चीज असते याची आठवण या लोकांना नव्याने झाली.

घड्याळ मात्र त्यांना आपसांत जुळवून घेता आलेले नाही. कारण तो अधिकार नगरपालिकेचा नाही, राजधानीचा आहे. एकदाच एक अपवाद घडला. १९८० मध्ये स्वीडनने उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करण्याची पद्धत सुरू केली. फिनलंडने ती एक वर्षाने, १९८१ मध्ये स्वीकारली. त्यामुळे १९८० च्या त्या एका उन्हाळ्यात दोन्ही गावांचे काटे एकाच जागी आले. या गावांच्या सोयीचा विचार करून हे कोणी केलेले नव्हते. दोन राजधान्यांच्या निर्णयांत पडलेल्या एका वर्षाच्या अंतराचा तो परिणाम होता. आता दोन्ही देश मार्च आणि ऑक्टोबर महिन्यांच्या शेवटच्या रविवारी एकाच क्षणी घड्याळे बदलतात आणि तासाचे अंतर जसेच्या तसे राहते.

ही वर्षातून दोनदा काटे हलवण्याची प्रथा बंद करावी, अशी मागणी युरोपात झाली आणि तीत फिनलंडचे नागरिक पुढे होते. २०१९ मध्ये युरोपीय संसदेने त्या बाजूने कौल दिला, परंतु सदस्य राष्ट्रांचे एकमत न झाल्याने ती गोष्ट तेथेच थांबली. त्या योजनेत प्रत्येक देशाने कायमची हिवाळी वेळ ठेवावयाची की कायमची उन्हाळी, हे स्वतः ठरवावयाचे होते. आता आपल्या दोन गावांचा विचार करा. फिनलंडने हिवाळी आणि स्वीडनने उन्हाळी वेळ घेतली, तर दोघांचे घड्याळ कायमचे एक होईल. उलट फिनलंडने उन्हाळी आणि स्वीडनने हिवाळी वेळ घेतली, तर आजचा एक तास जाऊन दोन तासांचे अंतर पडेल. दोन्ही देशांनी एकच निवड केली, तरच आजची स्थिती टिकेल. हेलसिंकी आणि स्टॉकहोम येथे कागदावर एक खूण इकडची तिकडे झाली, की शेजारच्या दवाखान्याची, शाळेची आणि दुकानाची वेळ बदलणार. ज्यांच्या पाऊलवाटेवर हा फरक पडणार, त्यांची संख्या मात्र दोन्ही देशांच्या लोकसंख्येत अगदी नगण्य.

श्रोतेहो, एवढ्या दूरच्या गावांची कथा आपल्यालाही परकी नाही. आपल्या देशाचा विस्तार पूर्व-पश्चिम सुमारे २९ अंशांचा आहे. म्हणजे अरुणाचलच्या पूर्व टोकावरील सूर्योदय आणि गुजरातच्या पश्चिम टोकावरील सूर्योदय यांत जवळजवळ दोन तासांचे अंतर पडते. तरीही आपण साडेब्याऐंशी अंशांच्या एका रेखांशावर सर्वांची वेळ लावली आहे. तिची किंमत आसामचा मजूर देतो. म्हणूनच तेथील चहाच्या मळ्यांत एक तास पुढची 'बागान वेळ' रूढ झाली. तोर्ने नदीच्या काठी सूर्य एक आणि घड्याळे दोन. आपल्याकडे सूर्याची उगवण दोन तास पसरलेली आणि घड्याळ एक. दोन्हीकडे प्रमाणवेळ ही निसर्गाची आज्ञा नसून माणसांनी आपसांत केलेला करार आहे. करार म्हटला की कोणाचे सोयीचे आणि कोणाचे गैरसोयीचे व्हायचेच. तो करणाऱ्यांनी कडेच्या गावांची आठवण ठेवावी, एवढीच अपेक्षा.

हापारांडा आणि तोर्निओ यांनी या करारापुढे हात टेकले नाहीत आणि त्याच्याशी भांडणही मांडले नाही. वेळ सांगताना ती कोणाची, हे दोन शब्द अधिक बोलण्याची सवय त्यांनी लावून घेतली. दोनशे वर्षांपूर्वी एका तहाने जे गाव दुभंगले, ते अशा लहानसहान सवयींनीच पुन्हा सांधले गेले आहे. त्यांच्या मधल्या अडीच घटका अजून तशाच आहेत. पण पूल ओलांडून शेजाऱ्याकडे जाणाऱ्यास त्या आता अडवीत नाहीत.